फाटकापाशी ठेवलेली लिंबं

लंडनमधल्या बड्या घरच्या मुली पूर्वी समाजात पहिलं पाऊल कशा टाकत, हे मला कळलं ते ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत. तेही कोरोनाच्या दिवसांत, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता. तुम्ही म्हणाल, ही बाई कुठून कुठे चालली! पण झालं ते असंच झालं, त्याला मी काय करू?

माझी लेक तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आणि जावई सोन्याच्या खाणीत इंजिनियर. मी पुण्याहून तीन महिन्यांसाठी म्हणून गेले आणि विमानंच बंद झाली. जावई म्हणाले, "आई, आता तुम्ही इथल्याच. मतदार यादीत नाव घालू या का?" गाव तसं मोकळं. लाल माती, रुंद रस्ते, आणि आभाळ इतकं मोठं की धुणं वाळत घालताना आपण मुंगी आहोत असं वाटावं. पर्थ गाठायचं तर गाडीने अख्खा दिवस. त्या दिवसांत तोही रस्ता बंद झाला होता. ऑस्ट्रेलियाची दारं बंद, राज्याची बंद, गावाची बंद. डब्यात डबा, त्यात डबा, आणि सगळ्यांत आतल्या डब्यात आम्ही चौघं.

चौथी म्हणजे माझी नात. शाळेचं शेवटचं वर्ष, म्हणजे आपली बारावी. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि आमचं छान चालायचं. दुपारी तिचे ऑनलाइन तास संपले की ती माझ्या पलंगावर येऊन आडवी व्हायची आणि मोबाइलवरून पुस्तक वाचून दाखवायची. तिला एकाच जातीची पुस्तकं आवडायची. जुन्या काळचं लंडन, झुंबरं, नाचाचे समारंभ, कुठेतरी चोरी नाहीतर खून, आणि त्या सगळ्या भानगडीत एक प्रेम. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं सगळं मी जे हाती येईल ते वाचून शिकले, त्यामुळे अर्धं कळलं की उरलेलं मनाने भरून काढायची मला सवयच आहे. नातीचं इंग्रजी मला अर्ध्याहून जरा जास्त कळायचं. म्हणजे भरपूर झालं.

त्या पुस्तकात दोन बहिणी होत्या. खेड्यातून लंडनला श्रीमंत मावशीकडे आलेल्या.

"शी इज लाँचिंग देम, आजी. फॉर द सीझन."

"कसला सीझन? आंब्याचा?"

"लग्नाचा!"

पहिल्याच समारंभात मावशीचं हिऱ्याचं लॉकेट गायब झालं, आणि आळ आला धाकटीबरोबर नाचणाऱ्या तरुण सरदारावर. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "चोर मावशीच."

"आजी! वी आर ऑन चॅप्टर थ्री!"

"असू दे. हिऱ्याचं लॉकेट गेलं तरी जी बाई जेवणाच्या पानावरून उठत नाही, तिला ते कुठे आहे ते ठाऊक असतं."

मला सगळ्यांत आवडली ती त्या मुलींबरोबर असणारी पोक्त बाई. तिला शॅपरोन म्हणतात. तिने भिंतीला टेकून बसायचं, पंखा हलवायचा, आणि कोण कुणाशी किती वेळ नाचतंय यावर डोळा ठेवायचा. मी म्हटलं, अगं, हे काम तर मी प्रत्येक लग्नात करत आले, फक्त त्याला नाव आहे हे माहीत नव्हतं! माझा स्वतःचा सीझन म्हणाल तर एका दुपारचा. मला चालून दाखवायला सांगितलं, सुईत दोरा ओवायला सांगितला, आणि पोह्यांच्या बशा परत आत जायच्या आधी लग्न ठरलं. नातीला हे सांगितलं तर ती उठून बसली. "दॅट्स इट? नो डान्सिंग?" नाही गं बाई. नाच काय तो नंतर, रोज सकाळी पाणी जायच्या आत.

मग तिकडचा हिवाळा आला. म्हणजे आपला जून-जुलै. राज्याच्या सीमा बंदच होत्या, पण आत सगळं हळूहळू सुरू झालं. आणि शाळेने जाहीर केलं की पुढे ढकललेला बॉल होणार. तिकडे बारावीच्या मुलामुलींचा मोठा समारंभ असतो. मुली लांब झगे घालतात, मुलगे सूट घालतात, गावातल्या मोठ्या हॉलमध्ये जेवण आणि नाच. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. पुस्तकातलं घरात आलं की हो!

नात म्हणाली, "मी नाही जाणार. आय डोन्ट केअर."

तिचा झगा तर वर्षाच्या सुरुवातीलाच पर्थहून आणून ठेवला होता. गडद निळा, रात्रीच्या आभाळासारखा. पण तिची जिवाची मैत्रीण आईवडिलांबरोबर गाव सोडून गेली होती, आणि बाकीच्यांच्या जोड्या, टोळ्या ठरून गेल्या होत्या. हिला कुणी विचारलं नव्हतं आणि ही कुणाला विचारणाऱ्यातली नव्हे. भिंतीला टेकून उभं राहायला ती जाणार नव्हती. "इट्स जस्ट अ पार्टी, आजी," म्हणाली. पण एका दुपारी घड्या घातलेले कपडे ठेवायला तिच्या खोलीशी गेले, तर ती आरशासमोर उभी. झगा नुसता अंगाला लावून धरलेला, टाचा उचललेल्या. मी तशीच टोपली घेऊन मागे फिरले. त्यानंतर मात्र माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. नावं द्यायची मुदत होती, आणि माझ्या नातीने त्या हॉलमध्ये पाऊल ठेवलं पाहिजे होतं. कसं, ते काही सुचत नव्हतं.

त्याच सुमाराला ती लिंबं सुरू झाली.

एका रविवारी सकाळी मी दार उघडलं तर फाटकाच्या आत, पायवाटेच्या अगदी मधोमध, आइस्क्रीमचा रिकामा डबा आणि त्यात लिंबं. मी जागच्या जागी थिजले. तुम्हीच सांगा, आपल्या दारात सकाळी सकाळी कुणी लिंबं ठेवून गेलं तर आपण काय समजतो? मी तिथूनच ओरडले, "कुणी ओलांडू नका! उतारा टाकलाय!"

लेक नुकतीच शिफ्टवरून आलेली, मागच्या दाराने. ती बाहेर येऊन बघते आणि हसायलाच लागली. "अगं आई, इथे झाडाला जास्त लिंबं लागली की लोक शेजाऱ्यांना देतात. हल्ली कोरोनामुळे बेल वाजवत नाहीत, इतकंच."

"मोजून बघ, सात असतील."

"आई! डबाभर आहेत."

जावई खाणीवर निघाले होते. पायांत जडशीळ बूट, अंगात ते भडक केशरी जाकीट. "काही नसतं हो आई, सगळ्या अंधश्रद्धा," असं म्हणाले, आणि पायवाट सोडून फुलझाडांच्या वाफ्यातून वळसा घालून गाडीकडे गेले. इंजिनियर माणूस!

लिंबं साबणाने धुतली. तेव्हा आपण केळीसुद्धा धूत होतो, आठवतं ना? मनात मारुतीचं नाव घेतलं आणि लोणचं घातलं. काय लिंबं होती! मोसंबीएवढी, पिवळीधमक, सुरी लावली की रस मनगटावर. शेवटी राहिला तो डबा. ज्याचा त्याला परत द्यायला हवा, आणि आपल्यात रिकामं भांडं परत करत नाहीत. मी त्यात बेसनाचे लाडू भरले आणि पुढच्या रविवारी उजाडताच फाटकापाशी ठेवला. पूजा आटोपून बघते तो लाडवांचा डबा नाही, दुसरा डबा लिंबांचा.

झालं, सुरूच झालं ते. मी चिवडा दिला, लिंबं आली. शंकरपाळे दिले, लिंबं आली. लोणचं मुरलं तेव्हा तेही दिलं. जावई म्हणाले, "आई, तिखट जरा बेताने. हा माणूस हॉस्पिटलात गेला तर ड्युटीवर तुमचीच लेक असणार." नात म्हणाली, "आजी, यू आर फीडिंग अ स्ट्रेंजर!" पण तिलाही गंमत वाटायला लागली होती. पुस्तकातलं लॉकेट एकीकडे आणि आमची लिंबं एकीकडे. आम्ही दोघी दुपारी संशयित ठरवायचो. तिचा संशय शेजारच्या कुत्रेवाल्या आजोबांवर. मी कुंपणावरून त्यांना विचारलं, "लेमन? यू?" ते बराच वेळ काहीतरी बोलले, शेवटी "नो वरीज" म्हणाले आणि मला रोझमेरीची जुडी दिली. म्हणजे ते नव्हेत. पण आता त्यांनाही डबा देणं आलं!

नावं द्यायची मुदत एका शुक्रवारी संपत होती. त्याच्या आदल्या रविवारी मी ठरवलं, आज लिंबूवाला पकडायचाच. नातीच्या डोक्यावर तेल थापून वेणी घातली, ती पुन्हा पांघरुणात शिरली. मी चहाचा कप घेऊन पडद्याआड उभी राहिले. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं. बऱ्याच वेळाने एक सायकल आली. उंच, किडकिडीत मुलगा, जाकिटाची टोपी डोक्यावर. फाटक अलगद उघडून त्याने डबा ठेवला, माझा उचलला, झाकण उघडून वास घेतला. आणि गेला नाही हो! घराच्या खिडक्यांकडे बघत उभा राहिला.

मी धावले. अंगात गाउन, वर स्वेटर, डोक्याला कानटोपी. "स्टॉप!"

त्याने दोन्ही हात वर केले. एका हातात डबा तसाच.

तो पुढे जे बोलला ते इंग्रजीत, पण मी तुम्हाला मराठीत सांगते. नातीच्या वर्गातला. पलीकडच्या रस्त्यावर आजीबरोबर राहतो, लिंबाचं झाड आजीचं. नात एकदा वर्गात म्हणाली होती की माझ्या आजीला लिंबाच्या लोणच्याची फार आठवण येते. म्हणून आणली लिंबं. मग मान खाली घालून म्हणाला, "तिला सांगाल का, त्या लाल लोणच्याने मी रडलो, पण संपवलं. आणि ते पिवळे गोळे तर फारच मस्त. ती केवढा छान स्वयंपाक करते!"

ती?

मी तिथेच कपाळाला हात लावला. अहो, इतके रविवार मी भांडं रिकामं जाऊ नये म्हणून डबे भरत होते, आणि हा पोरगा ते नातीचं उत्तर समजून खात होता. त्याने धीर करून एक डबा ठेवायचा आणि वाट बघायची. उत्तरादाखल लाडू. म्हणजे बरंय. चिवडा. म्हणजे अजून बरंय. लोणचं खाऊन तर त्याला वाटलं असेल की पोरगी परीक्षा बघतेय. आणि आत माझी नात, कुणी विचारत नाही म्हणून झगा अंगाला लावून आरशासमोर उभी!

पुस्तकातली शॅपरोन असती तर तिने पंख्याने त्याला फाटकाबाहेर हाकलला असता. मी म्हटलं, "यू वेट. नो गो." आणि आत जाऊन नातीचं पांघरूण ओढलं.

"आजी! आग लागली का?" घाबरली की ती मराठीत बोलते.

"आग नाही, लिंबूवाला सापडलाय. तुझ्याच वर्गातला. चल ऊठ."

खुंटीवरचं बापाचं केशरी जाकीट तिने अंगावर ओढलं, ते गुडघ्यापर्यंत आलं. तेलाने चपचपीत वेणी, पायांत माझ्या सपाता. बड्या समाजात पाऊल टाकायला निघालेली अशी मुलगी कुणी पाहिली नसेल.

फाटकाशी दोघं समोरासमोर. तो डब्याकडे बघतोय, ही सपातांकडे. मी पायरीवर उभी. शेवटी नातच बोलली. खोटं तिला जमत नाही, त्यात ती माझ्यावर गेलीय. म्हणाली, "हे बघ, मला स्वयंपाक येत नाही. मी टोस्टसुद्धा जाळते. ते सगळं आजीने केलं. मला माहीतच नव्हतं तू आहेस."

मुलाने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, हातातल्या डब्याकडे बघितलं.

"सो... आय हॅव बीन डेटिंग युअर नॅन?"

तिकडे आजीला नॅन म्हणतात. नात जी हसायला लागली! पोट धरून, वाकून, तारेवरचे गुलाबी काकाकुवे उडून गेले इतकी. किती आठवड्यांनी ती अशी हसत होती. तोही हसला, आणि त्या हसण्याच्या भरात त्याने सायकलच्या घंटीकडे बघत विचारून टाकलं. "बॉलला येशील? माझ्याबरोबर? म्हणजे... नॅनलाही आण हवं तर."

"शी वुड अ‍ॅक्चुअली कम," नात म्हणाली.

मग तिने वळून माझ्याकडे बघितलं. मी कानटोपी खाली ओढली आणि समोरच्या झाडाचं खोड निरखायला लागले. डोळा ठेवणाऱ्या बाईने कधीतरी डोळा फिरवायचाही असतो, हे पुस्तकात लिहिलं नव्हतं, मला आपलं सुचलं.

"ओके," नात म्हणाली.

संपलं! एवढंच! पुस्तकात याच एका शब्दासाठी पानंच्या पानं जातात.

घरात जेवणाच्या टेबलावर चौकशी झाली. लेकीने विचारलं, "कोण? कुठला? गाडी कोण चालवणार?" जावई म्हणाले, "म्हणजे तो उतारा याने टाकला होता? मी उगाच वाफ्यातून गेलो." लेकीने जरा विचार केला आणि म्हणाली, "आईचं लोणचं पूर्ण संपवलं म्हणतेस? मग प्रकृती उत्तम आहे. जाऊ दे." शुक्रवारची वाट न बघता नातीने सोमवारीच नाव दिलं.

बॉलच्या दिवशी जावयांनी गाडी धुतली, पुसली, तरी तिच्यावर लाल धूळ बसायची ती बसलीच. मी नातीला माझ्या मोत्याच्या कुड्या घातल्या. म्हटलं, "हरवू नकोस हं. नाहीतर पुढची भानगड उलगडायला एक अख्खं पुस्तक लागेल." मी ताम्हन काढलं होतं, पण लेक म्हणाली, "आई, ओवाळू नकोस, मुलगा घाबरेल. फोटो ग्रुपवर गेला तर पुण्याला साखरपुडा समजतील." तेही खरंच. मग मी दोघांच्या हातांवर दहीसाखर ठेवली. तो सूट घालून आला होता, आजीला घेऊन. त्याची आजी माझ्याहून वयाने मोठी, ताठ, कडक लाली लावलेली. तिने माझा हात धरला नाही, दिवसच तसे होते, पण लांबून कोपराला कोपर लावलं आणि म्हणाली, "तुमच्या लोणच्याची कृती द्या." आम्ही दोघी शॅपरोन एकाच गाडीत मागे बसलो; जावयांनी आधी आम्हाला हॉलपाशी सोडलं आणि मुलांना आणायला परत गेले.

आणि तिथे जाऊन बघते तो काय! सारं गाव हॉलसमोरच्या फुटपाथवर घडीच्या खुर्च्या टाकून बसलेलं. बाहेरगावी जाता येत नाही, बाहेरून कुणी येत नाही, तर मुलंमुली कशी उतरतात ते बघायला सगळे जमलेले. कुणी जुन्या मोटारीतून आलं, एक जोडी तर आगीच्या बंबावर बसून आली. प्रत्येकासाठी टाळ्या. मी शाल पांघरून खुर्चीत बसले. आमची गाडी थांबली. निळा झगा उतरला, त्याच्या घेराला लगेच लाल माती लागली, आणि तिने ती झटकलीसुद्धा नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती पायऱ्या चढली, दारापाशी थांबली, मागे वळून मला शोधलं, आणि पुस्तकातल्या त्या बहिणी करतात तसं झगा चिमटीत धरून, गुडघ्यात वाकून तिने मला मुजरा केला. माझ्याकडे पंखा कुठला? स्थानिक वर्तमानपत्राची घडी होती, तीच उंच धरून हलवली. मग ती आत गेली. भिंतीला टेकायला नव्हे, नाचायला.

पुस्तकही आम्ही संपवलं. चोर मावशीच निघाली, हे तुम्हाला सांगायचं राहून जाईल म्हणून मधेच सांगते.

पुढच्या रविवारी पुन्हा फाटकापाशी लिंबं. मी सवयीने डबा धुतला आणि शिऱ्यासाठी रव्याची बरणी काढली, तर नात स्वयंपाकघरात आली, माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाली, "नो, आजी. मी करते. तू बोलायचं नाही."

मी खुर्चीत बसले. बोलले नाही. हे माझ्यासाठी किती कठीण, ते घरच्यांना विचारा. तिने रवा भाजला तो खमंगच्या जरा पुढे गेला. पाणी गार ओतलं, गुठळ्या झाल्या. साखर घालताना तिने माझ्याकडे बघितलं, मी छताकडे बघितलं. शेवटी सगळं डब्यात भरून, झाकण दाबून बसवून, ती स्वतः बाहेर गेली आणि फाटकापाशी ठेवून आली.

मी मात्र पडद्याआड उभी राहिले. सायकल आली, झाकण उघडलं. मुलाने तिथेच बोटाने एक गुठळी उचलून तोंडात टाकली, बराच वेळ चावली, आणि घराकडे बघून अंगठा वर केला. नात माझ्या शेजारी उभी होती, श्वास रोखून. म्हणाली, "आजी, तो खोटं बोलतोय ना?"

"साफ खोटं," मी म्हटलं. "चांगला मुलगा आहे."